बातमीदार कुठे उभा होता?

१४ नोव्हेंबर १८५४ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एका लढाईची हकिकत छापून आली. लढाई होऊन वीस दिवस उलटले होते. वर्तमानपत्रात छायाचित्र छापण्याचं तंत्र यायला अजून पाव शतक अवकाश होता. पुढच्या वर्षी रॉजर फेंटन हा छायाचित्रकार कॅमेरा घेऊन त्याच रणभूमीवर गेला, पण त्याच्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. धावता घोडा त्यात सापडणं शक्य नव्हतं. तो दाखवायचा तर शब्दांतच दाखवावा लागे.

युद्धाच्या, आगीच्या, बुडालेल्या जहाजांच्या जुन्या बातम्या आज काढून वाचल्या तर पहिल्यांदा नजरेत भरतो तो त्यांतला वर्णनाचा सढळ हात. आजचा उपसंपादक अर्ध्या ओळी खोडून टाकेल. पण नीट वाचत गेलं की त्यांत दोन जाती दिसतात. काही बातम्या शंभर-दीडशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याला धरून ठेवतात, तर काही नाटकातल्या स्वगतासारख्या पोकळ वाजतात. हा फरक लेखणीच्या ताकदीने पडतो असं वाटतं, पण उदाहरणं तपासली तर कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं. बातमीदार घटनेच्या वेळी कुठे उभा होता, तिथून त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि ते छापखान्यापर्यंत कोणत्या वाटेने गेलं, यावर बातमीचं वर्णन ठरत आलं आहे.

टेकडीवरून पाहिलेली लढाई

१८५४ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला असं युद्ध काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात पेटलं. ‘टाइम्स’ने आपला आयरिश बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याला तिकडे धाडलं. २५ ऑक्टोबरला बालाक्लावाची लढाई झाली तेव्हा रसेल सपून टेकड्यांवर, सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्या लवाजम्याजवळ होता. खालची दरी तिथून अशी दिसत होती की, नाट्यगृहाच्या वरच्या कक्षातून रंगमंच पाहावा तसं वाटतं, असं त्याने स्वतःच लिहिलं आहे.

त्या बातमीतली सगळ्यांत गाजलेली जागा ९३व्या हायलँडर पलटणीची. लाल कोट घातलेले आणि बंदुकांना संगिनी लावलेले हे स्कॉटिश शिपाई रशियन घोडदळासमोर दोनच ओळींत उभे राहिले. रसेलला ते पोलादी टोकाच्या बारीक लाल रेघेसारखे दिसले. पुढे या प्रतिमेचा इतका गवगवा झाला की ती शौर्याची कविकल्पना ठरली. मुळात ती नुसती नोंद होती. तेवढ्या उंचीवरून, तेवढ्या अंतरावर, दोन ओळींत उभी असलेली लाल कोटांची पलटण रेघेसारखीच दिसणार. त्याच ठिकाणी तो आवाजही टिपतो. तोफा मध्येच थांबल्या की खालच्या दरीतल्या घोड्यांनी लगाम चावल्याचा आणि तलवारींचा खणखणाट वर ऐकू येत होता. त्या क्षणी त्या टेकडीवर असलेल्या माणसालाच ही गोष्ट सांगता येते.

मग हलक्या घोडदळाचा तो प्रसिद्ध हल्ला. सुमारे ६७० स्वार थेट रशियन तोफांच्या तोंडी गेले. तोफांच्या तीस लोखंडी तोंडांनी धूर आणि ज्वाळा ओकल्याचं रसेल लिहितो. भाषा इथे तापलेली आहेच. पण परिच्छेदाला खरं वजन येतं ते शेवटी नोंदवलेल्या वेळेमुळे. ११ वाजून ३५ मिनिटांनी त्या तोफांसमोर मेलेल्या आणि मरणाऱ्यांखेरीज एकही ब्रिटिश शिपाई उरला नव्हता. पंचनाम्यात शोभेल अशी ही नोंद आधीच्या सगळ्या धुराला जमिनीवर आणते. सुमारे ११० जण मारले गेले. कवी टेनिसनने या बातम्या वाचून काही आठवड्यांतच या हल्ल्यावरची आपली कविता छापली.

गंमत म्हणजे हा अनर्थही उभं राहण्याच्या जागेमुळेच घडला. काबीज केलेल्या तोफा रशियन ओढून नेत आहेत हे रॅग्लनना टेकडीवरून दिसत होतं. त्या वाचवा, असा हुकूम त्यांनी खाली पाठवला. दरीत उभे असलेले घोडदळाचे प्रमुख लॉर्ड ल्यूकन यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. समोर दिसत होत्या त्या दरीच्या टोकाच्या दुसऱ्या तोफा, आणि घोडदळ गेलं तिकडेच. हुकूम घेऊन आलेला कॅप्टन नोलन हल्ल्याच्या सुरुवातीलाच पडला, त्यामुळे त्याने नेमकं काय सांगितलं याचा वाद पुढे कित्येक वर्षं चालला. टेकडीवरून रसेलला रेघ दिसली, वेळ मोजता आली. गोंधळ कुठे झाला ते दिसलं नाही.

मलमपट्टीला कापड नाही

त्याच महिन्यात ‘टाइम्स’चा दुसरा बातमीदार टॉमस चेनेरी कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. काळ्या समुद्रातून जहाजं भरभरून येणारे जखमी तिथल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचत होते. चेनेरीच्या बातम्यांनी लंडन हादरलं. त्यात तोफा नव्हत्या, लाल कोट नव्हते. होती ती उणिवांची यादी. पुरेसे शल्यवैद्य नाहीत, शुश्रूषेला माणसं नाहीत, जखमा बांधायला साधं कापड नाही.

वाचकांनी वर्गणी गोळा केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन ऑक्टोबरअखेर निघाल्या. हिवाळाभर रसेलच्याही बातम्या चिखलाच्या, पटकीच्या आणि गरम कपड्यांविना कुडकुडणाऱ्या शिपायांच्या येत राहिल्या. जानेवारी १८५५ मध्ये संसदेने चौकशीची मागणी मान्य केली आणि पंतप्रधान अ‍ॅबर्डीन यांचं सरकार गेलं. शौर्याच्या वर्णनाने कविता लिहवली, पण सरकार पडलं ते कापड नसल्याच्या बातमीने.

लखनौमधला रसेल

१८५८ मध्ये ‘टाइम्स’ने रसेलला हिंदुस्थानात पाठवलं. आदल्या वर्षीच्या उठावानंतर इंग्लंडमधली वर्तमानपत्रं अत्याचारांच्या अंगावर काटा आणणाऱ्या वर्णनांनी भरून वाहत होती. त्यांतली बरीचशी कोलकात्यात किंवा त्याहूनही दूर बसून लिहिलेली होती. रसेल प्रत्यक्ष कानपूरला गेला. इंग्रज बायकामुलांची जिथे कत्तल झाली त्या बीबीघराच्या भिंतींवर मरणाऱ्या स्त्रियांनी सुडाची हाक लिहून ठेवली होती, असं सांगितलं जात होतं. इंग्रज फौज तिथे पोहोचली तेव्हा ती अक्षरं नव्हती, ती मागाहून कुणीतरी लिहिली, असं त्याने नोंदवलं.

मार्च १८५८ मध्ये लखनौ पडलं तेव्हा कैसरबाग राजवाड्याची लूट त्याने स्वतः पाहिली. आपल्याच फौजेने घातलेला हा धुमाकूळ आणि आपल्याच माणसांनी उगवलेले सूड त्याने झाकले नाहीत. क्रिमियात त्याला टेकडी मिळाली होती. लखनौमध्ये तो लुटीच्या मधोमध होता, आणि त्याचं वर्णन साहजिकच वेगळ्या सुराचं झालं.

तारेने वाक्य आखडलं

बालाक्लावाची हकिकत टपालाने गेली, म्हणून ती ऐसपैस होती. पुढच्या दशकांत तारांचं जाळं पसरलं आणि शब्दागणिक पैसे मोजायची वेळ आली. १८६६ मध्ये अटलांटिक महासागराखालची तार चालू झाली तेव्हा वीस शब्दांच्या संदेशाला वीस पौंड पडत. अशा दरात विशेषण ही चैन होती. शिवाय तार मध्येच तुटण्याची भीती असे. म्हणून महत्त्वाचं ते आधी आणि तपशील मागून, ही आजच्या बातमीची घडण रुजायला तारेने मोठा हातभार लावला.

ऑगस्ट १८८३ मध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकातोआ ज्वालामुखी फुटला. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, ज्या तारा सिंगापूरला गेल्या त्यांत भरजरी काहीच नव्हतं. शहरात जवळजवळ अंधार आहे, रात्री गॅसचे दिवे विझले, अँजर गावाशी संपर्क होत नाही, तिथे मोठा घात झाला असावा. एवढंच. तार पाठवणारा माणूस अंधारात बसलेला आहे आणि त्याला फक्त अंधारच सांगता येतो आहे. ३६ हजारांहून अधिक माणसं मेली हे पुढे कळलं. त्या क्षणी ‘अँजरशी संपर्क नाही’ या तीन शब्दांत अख्खं गाव गेलेलं होतं.

मराठी वाचकाला अशा आखडत्या निरोपाची ओळख आहे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची वार्ता नानासाहेब पेशव्यांपर्यंत आली ती सावकारी पत्रातून, व्यापाराच्या सांकेतिक भाषेत. मोती गळाले म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब गेले, मोहरा हरवल्या म्हणजे सरदार पडले, आणि सुटं नाणं किती गेलं त्याला गणतीच नाही. वाटेत पत्र पकडलं गेलं तरी पोटातली खबर फुटू नये म्हणून ही भाषा वापरलेली होती. तिच्यातलं काव्य आपल्याला मागाहून दिसलं.

पेकिंगची न झालेली कत्तल

जिवंत वर्णन हा खरेपणाचा पुरावा नव्हे, याचं सगळ्यांत ढळढळीत उदाहरण १९०० सालचं आहे. चीनमध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध तुटला. १६ जुलै रोजी लंडनच्या ‘डेली मेल’ने शांघायहून आलेली बातमी छापली. वकिलातींतल्या लोकांनी शेवटपर्यंत झुंज दिली, दारूगोळा संपला, आणि मग बायकामुलांसह सगळ्यांची कत्तल झाली, असं सगळं त्यात बारकाव्यांनिशी होतं.

दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने पेकिंगमधल्या आपल्याच बातमीदाराचा, जॉर्ज मॉरिसनचा, मृत्युलेख छापला. सोबत ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅक्डोनाल्ड आणि चिनी जकात खात्याचे प्रमुख सर रॉबर्ट हार्ट यांचेही. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा ठरली. ती होण्याआधीच बातमीबद्दल शंका बळावल्या आणि सभा रद्द झाली. १४ ऑगस्टला वेढा उठला तेव्हा मॉरिसन, मॅक्डोनाल्ड आणि हार्ट तिघेही जिवंत होते. मॉरिसनला आपला मृत्युलेख वाचता आला.

ही बातमी खोटी आहे हे तिच्या भाषेवरून ओळखता आलं असतं का? बहुधा नाही. पण एक साधा प्रश्न कुणी विचारला असता तर ती अडली असती. सगळेच मारले गेले असतील, तर शेवटचा क्षण पाहून आलं कोण? शांघाय ते पेकिंग हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे.

फुटपाथवरचा टेलिफोन

२५ मार्च १९११, शनिवार, दुपारची वेळ. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन प्लेस या रस्त्यावरच्या दहा मजली इमारतीत वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा ब्लाउज शिवण्याचा कारखाना होता. तिथे आग लागली. एका बाजूचा दरवाजा बंद होता, आगीतून सुटण्याचा लोखंडी जिना कोसळला, आणि अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपासच पोहोचत होत्या. १४६ जण मेले, बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली.

युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा विल्यम शेफर्ड योगायोगाने तिथे होता. त्याने समोरच्या बाजूने टेलिफोन लावला आणि पाहिलं तसं सांगत गेला. दुसऱ्या टोकाला ते तारेवर चढून देशभरच्या वर्तमानपत्रांकडे जात होतं. म्हणजे डोळ्यांदेखत चाललेली घटना, मधल्या लिखाणाशिवाय, तोंडाने सांगितली जात होती. त्याची वाक्यं त्यामुळे आखूड आणि क्रमवार आहेत. एक मुलगी खिडकीत आली. तिने खाली पाहिलं. मग पुढचं.

शेफर्डने ज्वाळांच्या वर्णनावर वेळ घालवला नाही. त्याने आवाज सांगितला. जिवंत माणूस वरून येऊन दगडी फुटपाथवर आदळतो तेव्हाचा आवाज आपण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, असं तो म्हणतो. मग तो ते आवाज मोजतो. बासष्टपर्यंत. वर एका खिडकीत एक तरुण मुलींना एकेक करून चौकटीवर चढायला हात देत होता, ट्राममध्ये चढताना द्यावा तसा, आणि मग सोडत होता. हे दृश्य त्याने थोडक्यात सांगून टाकलं, त्यावर भाष्य केलं नाही.

बातमीच्या शेवटी तो एकच जुनी गोष्ट आठवतो. याच मुली आदल्या वर्षीच्या मोठ्या संपात होत्या आणि त्यांच्या मागण्यांत कारखाने सुरक्षित करण्याची मागणी होती. एवढं सांगून तो समोरच्या मृतदेहांकडे बोट दाखवतो. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि कामगारांच्या सुरक्षेचे नवे कायदे आले. ती आग पाहणाऱ्या गर्दीत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

सिगारच्या डब्यातली हकिकत

वर्षभराने, एप्रिल १९१२ मध्ये, ‘टायटॅनिक’ बुडालं. पहिल्या दिवशी काही वर्तमानपत्रांनी सगळे प्रवासी वाचल्याचं ठळक मथळ्यात छापलं. बिनतारी संदेश अर्धवट मिळत होते आणि मधल्या गाळलेल्या जागा कार्यालयात बसून भरल्या जात होत्या. प्रत्यक्षात सुमारे १५०० माणसं बुडाली होती.

वाचलेल्यांना घेऊन येणाऱ्या ‘कार्पेथिया’ जहाजावर सेंट लुइसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’चा बातमीदार कार्लोस हर्ड पत्नीसह सुट्टीवर निघालेला प्रवासी होता. कप्तानाने त्याला संदेश पाठवू दिले नाहीत. नवरा-बायकोने वाचलेल्यांशी बोलून, मिळेल त्या कागदावर, हजारो शब्द लिहून काढले. जहाज न्यूयॉर्कजवळ आलं तेव्हा हर्डने ते कागद सिगारच्या डब्यात घातले, डबा तरंगावा म्हणून त्याला शॅम्पेनची बुचं बांधली, आणि संपादकाने पाठवलेल्या लहान बोटीकडे तो फेकला. जहाज बुडताना हर्ड तिथे नव्हता, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्यात तो तीन दिवस होता. किनाऱ्यावरून लिहिणाऱ्या कुणाकडेच ते नव्हतं.

आवाज फुटला तेव्हा

६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट विमानतळावर ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज उतरत होतं. शिकागोच्या रेडिओ केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन तबकडीवर त्याचं वर्णन ध्वनिमुद्रित करत होता. सुरुवातीला तो दोर कसे सोडले, पाऊस कसा ओसरला, असं निवांत सांगतो. मग जहाज पेट घेतं. मॉरिसनचा आवाज फाटतो, तो रडतो, बोलवत नाही म्हणून थांबतो. दुसऱ्या दिवशी देशाने हे ऐकलं. मुद्रणाचा वेग किंचित कमी राहिल्याने आपण ऐकतो तो आवाज मूळ आवाजापेक्षा चढा आहे, हेही नंतर अभ्यासकांनी दाखवून दिलं.

मॉरिसन अगदी जवळ उभा होता, आणि त्यामुळेच त्याला पूर्ण दिसलं नाही. त्या आगीतून कुणी वाचलं असेल असं त्याला वाटेना. प्रत्यक्षात जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले. ३५ जण आणि जमिनीवरचा एक कर्मचारी मेला. थोड्या वेळाने मॉरिसन सावरला, वाचलेल्यांशी बोलला आणि तीही माहिती त्याच तबकड्यांवर आहे. लोकांच्या लक्षात मात्र रडणारा भागच राहिला. रसेलकडे पाहणं आणि लिहिणं यांच्यामध्ये काही तास तरी होते. मॉरिसनकडे एक श्वासही नव्हता.

बाँबवरचा शिक्का

‘हिंडेनबर्ग’च्या दुर्घटनेच्या दहाच दिवस आधी, २६ एप्रिलला, स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका या बास्क गावावर बाँबवर्षाव झाला. सोमवार होता, बाजाराचा दिवस. ‘टाइम्स’चा जॉर्ज स्टीअर त्या रात्रीच बिल्बाओहून तिथे पोहोचला, जळतं गाव पाहिलं, वाचलेल्यांशी बोलला आणि २८ एप्रिलला त्याची बातमी आली. ती जाणूनबुजून कोरडी आहे. हल्ला किती वेळ चालला, कोणत्या बनावटीची विमानं आली, आधी कोणते बाँब आणि मागून कोणते. शेवटी एक नोंद: न फुटलेल्या आगलाव्या बाँबच्या नळकांड्यांवर जर्मन गरुडाचा शिक्का होता.

जर्मनीच्या मदतीने लढणाऱ्या बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने लगेच सांगण्यात आलं की, बास्कांनी स्वतःच गाव जाळलं. स्टीअरने आसवं ढाळणारी बातमी लिहिली असती तर ती या प्रचाराखाली दबली असती. शिक्का पुसता आला नाही. १९९७ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष रोमान हेर्झोग यांनी आपल्या वैमानिकांची जबाबदारी मान्य केली.

अणुबाँब, वरून आणि खालून

उभं राहण्याच्या जागेने वर्णन किती बदलतं, याचं टोक १९४५ मध्ये दिसतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे विज्ञान वार्ताहर विल्यम लॉरेन्स यांना अमेरिकेच्या युद्धखात्याने अणुबाँबच्या प्रकल्पावर लेखनासाठी घेतलं होतं. ९ ऑगस्टला नागासाकीवर बाँब पडला तेव्हा ते सोबतच्या विमानात होते. त्यांच्या बातमीत वर चढत जाणारा ढग जणू जिवंत प्राणी आहे. तो उसळतो, रूप पालटतो, त्यावर कोरीव खांबासारख्या आकृत्या उमटतात. वर्णन विलक्षण आहे. त्यांना पुढे पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या वर्णनात जमिनीवरचा एकही माणूस नाही, कारण विमानातून माणूस दिसत नाही. नागासाकीत वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७० हजार माणसं मेली.

ऑस्ट्रेलियन बातमीदार विल्फ्रेड बर्चेट ३ सप्टेंबरला टोकियोहून रेल्वेने एकटाच, नागासाकीच्या आधी अणुबाँब पडलेल्या हिरोशिमाला पोहोचला. ढिगाऱ्यात बसून त्याने टंकयंत्रावर बातमी लिहिली आणि ती ५ सप्टेंबरला ‘डेली एक्सप्रेस’मध्ये आली. शहर कसं सपाट झालं ते त्याने लिहिलंच, पण पोट ढवळणारा भाग रुग्णालयातला आहे. स्फोटात ओरखडाही न उमटलेली माणसं महिनाभराने मरत होती. त्यांची भूक जाई, केस गळत, अंगावर निळसर डाग पडत, कानानाकातून रक्त येई. डॉक्टर जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देत तर सुई टोचलेल्या जागेचं मांस सडू लागे. किरणोत्साराने माणसं मरत असल्याचं अमेरिकी अधिकाऱ्यांनी नाकारलं. पण बर्चेटने सुई आणि जखम सांगितली होती.

३१ ऑगस्ट १९४६ रोजी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा अख्खा अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला गेला. सहा माणसं, आणि सकाळी सव्वाआठला त्यांतलं प्रत्येक जण काय करत होतं. एक कारकून मुलगी शेजारणीशी बोलायला मान वळवत होती. हर्सी स्वतः तिथे नव्हते, पण विचारून विचारून त्या सहा जणांच्या जागी त्यांनी वाचकाला उभं केलं.

मुंबईत न लिहिलेली बातमी

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टाइकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी, सुमारे १४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. कापूस पेटला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. जळत्या कापसाचे बोळे वस्त्यांवर पडले, सोन्याची एक वीट गोदीपासून लांब एका पारशी घराच्या व्हरांड्यात येऊन आदळली, आणि हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. हजारो कुटुंबं बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

या शहरात तेव्हा मराठी, गुजराती, इंग्रजी वर्तमानपत्रांची मोठी फळी होती. बातमीदार घटनेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. पण युद्धकाळातल्या सेन्सॉरने तोंड बांधलेलं होतं. स्फोटाचा तपशील दुसऱ्या दिवशी बाहेरच्या जगाला सांगितला तो जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगावने. इथल्या बातमीदारांना सविस्तर बातम्या पाठवायला परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर जपानी विमानं आली, बाँब पडले, अशा अफवांना शहर मोकळं होतं. पेकिंगची बातमी लिहिणारा पेकिंगमध्ये नव्हता आणि वर्णन होतं. मुंबईत बातमीदार होते आणि वर्णन नव्हतं. फसगत वाचकाचीच झाली, दोन्हीकडे.

जुनी बातमी वाचताना

या उदाहरणांतून जुन्या बातम्या पारखायचे चार प्रश्न हाती येतात.

पहिला, लिहिणारा घटनास्थळापासून किती दूर होता? बातमीवर छापलेलं गावाचं नाव आधी वाचावं, मथळा मागून.

दुसरा, जे वर्णन केलं आहे ते त्याच जागेवरून दिसण्याजोगं किंवा ऐकू येण्याजोगं आहे का? सगळे मेल्याची बातमी शेवटच्या क्षणाच्या बारकाव्यांसह येत असेल तर थांबावं.

तिसरा, विशेषणं काढून टाकली तर मागे काय उरतं? रसेलच्या बातमीत वेळ उरते, शेफर्डच्या बातमीत बासष्ट हा आकडा, स्टीअरच्या बातमीत शिक्का. ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’, ‘थरकाप उडवणारं’ एवढंच काढायला मिळालं आणि मागे काही राहिलं नाही, तर ती बातमी कार्यालयात बसून शिजवलेली असण्याचा संभव जास्त.

चौथा, त्या जागेवरून काय दिसणं शक्य नव्हतं? टेकडीवरून चुकीचा हुकूम दिसला नाही, विमानातून माणूस दिसला नाही, आगीच्या समोरून वाचलेले दिसले नाहीत. चांगल्यात चांगल्या बातमीलाही ही मर्यादा असते आणि ती भरून काढायला दुसऱ्या जागेवरची बातमी शोधावी लागते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे प्रश्न लावून पाहायला दूर जायला नको. १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप यांच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या मराठी वर्तमानपत्रांच्या फायली जुन्या ग्रंथालयांतून अजून पाहायला मिळतात. एकाच दिवसाची दोन-तीन वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाचली की कोण गावात पोहोचला होता आणि कोण फोनवर ऐकून लिहीत होता, हे चार-पाच परिच्छेदांतच कळू लागतं.